मागच्या गाडीचं काय करायचं?

कराडमध्ये ज्या गाडीच्या पाठीशी सगळ्यात जास्त हॉर्न वाजतात, ती गाडी माझी आहे. माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. स्टिअरिंगवर रोज असं कुणीतरी बसलेलं असतं, ज्याला आठवड्यापूर्वी क्लच कुठल्या पायानं दाबायचा हेही ठाऊक नव्हतं. पुढं आणि मागं पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ लावलेला असतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत या पाटीची मापंसुद्धा दिली आहेत. पाटी किमान 18 सेंटिमीटर चौरस, अक्षर 10 सेंटिमीटर उंच. म्हणजे ‘दिसली नाही’ ही सबब कुणाला नाही. तरी पाटण रस्त्याला आमची गाडी तिसाच्या वेगानं लागली की मागचा हॉर्नवर हात ठेवतोच. शिकाऊ माणूस घाबरतो. पाय ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर, ब्रेकवरून पुन्हा ॲक्सिलरेटरवर, क्लचचं भान राहत नाही, आणि गाडी दोन आचके देऊन भर रस्त्यात बंद पडते. ज्याला घाई होती, तोच आता आमच्या मागं अडकून बसतो.

दुसरी बाजूही सांगते. स्वतःची गाडी घेऊन पुण्याला निघाले की मीही काही तिसानं जात नाही. हायवेवर उजव्या लेनमध्ये कुणी फोनवर बोलत रमतगमत चाललेला दिसला, की माझ्याही कपाळाला आठी पडते. त्यामुळं मी हळू जाणाऱ्यांची वकिली करायला बसलेले नाही, आणि वेगानं जाणाऱ्यांचीही नाही. दोन्ही जागांवर बसून जे रोज दिसतं, ते सांगते.

परवान्याच्या परीक्षेत गाडी सुरू करून, वळवून, मागं घेऊन, चढावर थांबवून पुन्हा उचलून दाखवावी लागते. मागं गाड्यांची रांग लागली तर काय करायचं, हे कुणी करून दाखवायला सांगत नाही. शिकाऊ परवाना मिळाल्यावर पक्क्या परवान्याच्या परीक्षेला बसायला किमान 30 दिवस थांबावं लागतं. त्या महिन्याभरात माझ्याकडं येणारे क्लचचे, गिअरचे, पार्किंगचे नाही नाही ते प्रश्न विचारतात. मागच्या गाडीचा प्रश्न कुणी काढत नाही. म्हणून मीच काढते.

वहीतलं गणित

गाडीला हात लावण्याआधी मी प्रत्येकाला वहीवर एक गणित घालते. रस्ता दुपदरी. पुढं ट्रक ताशी 40 किलोमीटरनं चाललाय, मागून कार 60 नं येतेय. ट्रक 10 मीटर लांब, कार 4 मीटर. ट्रकच्या मागं 20 मीटर असताना कार उजवीकडं बाहेर पडली आणि ट्रकच्या पुढं 20 मीटर गेल्यावर परत डावीकडं आली, असं धरू. म्हणजे ट्रकपेक्षा तिला 54 मीटर जास्त कापायचेत. दोघांच्या वेगात फरक 20 किलोमीटरचा, सेकंदाला साधारण साडेपाच मीटर. याचा अर्थ जवळजवळ 10 सेकंद ती कार समोरून येणाऱ्याच्या बाजूला आहे. तेवढ्या वेळात ती स्वतः 160 मीटर जाते. समोरून कुणी 60 नं येत असेल, तर तोही तेवढाच पुढं सरकतो. म्हणजे सव्वातीनशे मीटर रस्ता स्वच्छ दिसत असेल, तरच हा ओव्हरटेक सुखरूप. पाटणपासून पुढं कोयनेकडं गेलेल्यांनी आठवून बघावं, एवढा सरळ आणि मोकळा तुकडा सलग किती ठिकाणी मिळतो.

आता एकच आकडा बदलू. ट्रकवाल्यानं आरशात कार पाहिली आणि पाय जरासा सैल सोडला. वेग 40 चा 30 झाला. फरक आता 30 चा. तेच 54 मीटर साडेसहा सेकंदांत संपतात, आणि मोकळा रस्ता सव्वादोनशे मीटरही लागत नाही. ट्रकवाल्याचे गेले दोन-चार सेकंद. मागच्याला मिळाला शंभर मीटरहून जास्त रस्ता, आणि तोही नेमका वळणाच्या आधी.

उलटंही करून बघा. कार शेजारी आलेली बघून ट्रकवाल्याला चेव आला, त्यानं वेग 50 केला. फरक 10 चाच उरला. आता कारला जवळजवळ 20 सेकंद उलट्या बाजूला राहावं लागणार, आणि मोकळा रस्ता लागणार साडेसहाशे मीटर. तो मिळत नाही, आणि समोर एसटी येते.

या गणितावर पोरं गप्प बसतात. कारण तोपर्यंत त्यांना वाटत असतं की ओव्हरटेक म्हणजे मागून जाणाऱ्याची करामत. प्रत्यक्षात त्याच्या जिवाचा निम्मा हिशोब पुढच्याच्या उजव्या पायात असतो. कायद्यालाही हे ठाऊक आहे. 1989 च्या रस्ता नियमांत होतं आणि त्यांच्या जागी आलेल्या 2017 च्या मोटार वाहन चालन विनियमांतही आहे : कुणी तुम्हाला ओलांडत असताना वेग वाढवायचा नाही, त्याला अडवेल असं काही करायचं नाही. या विनियमांचा भंग केला, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर 500 ते 1000 रुपये दंडाची तरतूद आहे. असा दंड झालेला माणूस मला अजून भेटायचाय. चेव आलेले मात्र रोज भेटतात. त्यात ट्रकवाले कमीच असतात. नवी गाडी घेतलेली, एकटी बसलेली तरुण पोरं जास्त. आणि पुढं जाणारी बाई असेल, तर वयाची अटही राहत नाही.

चढणाऱ्याचा मान

आमच्याकडून चिपळूणला जायचं म्हणजे कुंभार्ली घाट. कोयनानगर, हेळवाक मागं पडलं की रस्ता कोकणाकडं खाली उतरतो. थोडी सराईत झालेली मंडळी मी मुद्दाम या घाटात नेते. रस्त्यावरच्या शिष्टाचाराचं सगळ्यात जुनं आणि शहाणं कलम मला तिथंच शिकवता येतं.

डोंगरी किंवा तीव्र चढाच्या रस्त्यावर दोन गाड्या मोकळेपणानं जाऊ शकत नसतील, तर उतरणाऱ्यानं बाजूला थांबायचं आणि चढणाऱ्याला जाऊ द्यायचं, असा नियम आहे. अनेकांना वाटतं की उतरणारा वेगात असतो, म्हणून मान त्याचा. तसं नाही. भरलेला ट्रक पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढत असतो. तो एकदा थांबला की पुन्हा उचलताना क्लच जळतो, गाडी मागं सरकते, क्लीनरला उडी मारून चाकाखाली दगड लावावा लागतो. उतरणाऱ्यालाही थांबायला कष्ट आहेत, पण पुन्हा निघायला नाहीत. ब्रेक सोडला की गाडी आपसूक चालू लागते. ज्याला थांबणं कमी जड जातं, त्यानं थांबायचं, एवढंच या नियमाचं सार आहे.

अर्थात यासाठी उतरणाऱ्याची गाडी त्याच्या ताब्यात पाहिजे. ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे जुने ड्रायव्हर सांगतात ते म्हणूनच. डिझेल वाचवायला गिअर काढून, न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे लोक सगळा भार ब्रेकवर टाकतात. ब्रेक तापतात, मग धरत नाहीत. अशा माणसाला चढणाऱ्याचा मान ठेवायची इच्छा असली, तरी थांबता येत नाही. सौजन्य दाखवायलाही गाडी आधी काबूत लागते.

घाटात दुसरा प्रश्न रांगेचा. एका टँकरमागं दहा-बारा गाड्या साचतात. टँकरवाल्याचा दोष नाही, त्याची गाडीच तेवढी चालते. पण मधे कुठं रस्ता रुंद होतो, कुठं चहाच्या टपरीपुढं मोकळी जागा असते. तिथं डावीकडं घेऊन अर्धा मिनिट रेंगाळलं, की सगळी रांग सुटते. हे करणारे ट्रकवाले आहेत, आणि ते बहुतेक पिकल्या केसांचे असतात. मागं एकदा अशाच एका मामांनी खिडकीतून डोकं काढून आमच्या गाडीला सांगितलं, “जावा की ताई निवांत, मी काय कुठं पळतोय व्हय!”

इतर देशांत याचा थेट कायदा केलेला आहे. माझ्याकडं शिकून गेलेला एक मुलगा आता कॅलिफोर्नियात असतो. तिथला परवाना काढताना त्याला अभ्यासात हे सापडलं : दुपदरी रस्त्यावर तुम्ही हळू चालला असाल, ओव्हरटेक करणं धोक्याचं असेल आणि तुमच्या मागं पाच किंवा जास्त गाड्या साचल्या, तर पुढच्या सोयीच्या जागी तुम्ही बाजूला व्हायचंच. जर्मनीच्या वाहतूक नियमांतही आहे की मागच्या अनेक गाड्यांना त्याशिवाय पुढं जाता येत नसेल, तर हळू जाणाऱ्यानं योग्य ठिकाणी वेग कमी करावा, प्रसंगी थांबावं. पाच हा आकडा मला आवडला. मी तो आता सरळ वापरते. आरशात पाच गाड्या मोजल्या की डावा इंडिकेटर, रुंद जागा, आणि जाऊ दे सगळ्यांना.

माझ्याकडं एक निवृत्त गुरुजी शिकायला होते. बायकोला दवाखान्यात न्यायला कुणाच्या तोंडाकडं बघायला नको, म्हणून साठी उलटल्यावर गाडी शिकले. आजही चाळिसाच्या वर जात नाहीत. मुलगा चिडवतो. पण गुरुजींच्या मागं मी कधी रांग लागलेली पाहिली नाही. दर मोकळ्या जागेला ते बाजूला होतात, लोक निघून जातात, गुरुजी पुन्हा आपल्या चालीनं रस्त्याला लागतात. हळू चालवणं आणि वाट अडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिकवायला मला त्यांचं उदाहरण पुरतं.

साईड द्यायची म्हणजे काय करायचं

‘साईड द्या’ म्हटलं की नवी माणसं दोन चुका करतात. एक तर घाबरून गाडी डांबराच्या खाली उतरवतात. आपल्याकडच्या साइडपट्ट्या कुठं खचलेल्या, कुठं वीतभर खाली. चालू वेगात डावी चाकं खाली गेली की गाडी हिसका देते, माणूस घाबरून उजवीकडं स्टिअरिंग ओढतो, आणि गाडी नेमकी ओव्हरटेक करणाऱ्याच्या अंगावर जाते. साईड देताना डांबर सोडायचं नसतं. डांबराच्या आतच डावीकडची रेघ धरून सरळ राहायचं आणि पाय सैल करायचा. पूर्ण बाजूला व्हायचं असेल, तर आधी इंडिकेटर, मग वेग जवळजवळ शून्य, आणि मगच खाली.

दुसरी चूक म्हणजे खिडकीतून हात काढून ‘या, या’ करणं. ही खूण नियमबाह्य नव्हती. 1989 च्या नियमांत ड्रायव्हरच्या हाताच्या खुणा दिलेल्या होत्या. उजवा हात बाहेर आडवा धरून मागून पुढं अर्धवर्तुळात हलवला, तर त्याचा अर्थ, ‘मला ओलांडून जा’. तळवा खाली करून हात वरखाली केला, तर ‘मी वेग कमी करतोय’. जुने एसटी ड्रायव्हर या खुणा किती डौलानं करायचे! आता एसीमुळं काचा बंद असतात, हात बाहेर येत नाहीत. पण मी ‘या, या’ शिकवत नाही, त्याचं कारण वेगळं आहे. मला समोरचं जे दिसतं, ते मागच्याला दिसेलच असं नाही. त्याच्या गाडीला किती दम आहे, तो किती सेकंदांत निघेल, हे मला ठाऊक नसतं. माझ्या हाताकडं बघून तो निघाला आणि समोरून कुणी आलं, तर? म्हणून जागा द्यायची, वेग कमी करायचा, निर्णय त्याचा त्याला घेऊ द्यायचा.

इंडिकेटरचा घोळ तर विचारू नका. कुणी ट्रकवाला डावा इंडिकेटर देऊन सांगतो, ‘मी डावीकडं आहे, जा’. कुणी उजवा देऊन सांगतो, ‘उजवीकडून जा’. आणि कुणी उजवा देतो, कारण तो खरोखरच उजवीकडं पेट्रोल पंपात वळणार असतो. मागच्यानं हा शेवटचाच अर्थ धरून चालावं, हे मी अक्षरशः घोकून घेते. इंडिकेटर म्हणजे ‘मी तिकडं वळतोय’. बाकीचे अर्थ रस्त्यावर तयार झालेत, आणि ते जिल्हा ओलांडला की बदलतात.

हॉर्नबद्दलही थोडं. ट्रकच्या मागं रंगवलेल्या ‘हॉर्न ओके प्लीज’वर महाराष्ट्र सरकारनं 2015 मध्ये बंदी घातली, कारण ती पाटी हॉर्नला निमंत्रण देते. बंदी बरोबर होती. पण हॉर्न मुळातच वाईट, असंही नाही. कडब्यानं किंवा उसानं लादलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही. त्याला एक छोटा हॉर्न द्यावाच लागतो. आंधळ्या वळणावर तर देणं गरजेचंच. रात्री हेच काम डिपर करतो. एकदा अप्पर, एकदा डिपर, पुरे. एक हॉर्न म्हणजे ‘मी आहे’. पाठोपाठ सात हॉर्न म्हणजे शिवी. ती शिवी ऐकून आजवर कुणी नीट बाजूला झालेला नाही. एक तर तो घाबरतो, नाही तर हट्टाला पेटतो.

घाई असलेल्यानं काय करायचं

आतापर्यंत हळू जाणाऱ्याला बरंच ऐकवलं. पण वेगानं जाणाऱ्याच्या हातात जे यंत्र असतं, ते जास्त घातक असतं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यातले सुमारे 71 टक्के मृत्यू अतिवेगाच्या खाती नोंदलेले आहेत. गेलेल्यांत जवळजवळ 45 टक्के दुचाकीवरचे होते. त्यामुळं घाई असणाऱ्यानं घ्यायची काळजी जास्त कडक आहे.

पहिली गोष्ट, पुढच्याच्या शेपटीला चिकटायचं नाही. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की ‘एकशे एक, एकशे दोन’ असं म्हणायचं. तेवढं म्हणून होण्याआधी तुमची गाडी खांबाशी पोचली, तर तुम्ही फार जवळ आहात. साठच्या वेगाला दोन सेकंद म्हणजे सुमारे 33 मीटर. पावसात याच्या दुप्पट. याचा एक फायदा पोरांना पटकन कळत नाही : ट्रकपासून जितकं मागं राहाल, तितका त्याच्या पलीकडचा रस्ता जास्त दिसतो. चिकटून चालणाऱ्याला ट्रकच्या फाळक्यावरची नक्षी तेवढी दिसते. मग तो अंदाज घ्यायला उजवीकडं डोकावतो, आत येतो, पुन्हा डोकावतो. समोरून येणाऱ्याच्या छातीत तेवढ्यानंच धडकी भरते.

दुसरी गोष्ट, पुढं गेल्यावर कट मारायचा नाही. जिला ओलांडलं ती गाडी आतल्या आरशात चाकांसकट पूर्ण दिसली, की मगच डावीकडं यायचं. मोटारसायकलला ओलांडताना तर कारला सोडतो तेवढीच जागा सोडायची. पहाटे दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना अडकवून डेअरीला निघालेला माणूस खड्डा चुकवायला कधीही हातभर उजवीकडं येतो. त्याच्याशी वितीच्या अंतरावरून ऐंशीनं गेलात, तर नुसत्या वाऱ्यानंही तो डगमगतो.

तिसरी गोष्ट, जो बाजूला होऊ शकत नाही त्याच्याकडं साईड मागायची नाही. हे आमच्या भागाइतकं दुसरीकडं क्वचितच कळेल. हा साखर कारखान्यांचा पट्टा. दिवाळीच्या आसपास गाळप सुरू झालं की रस्त्यावर उसाचं राज्य. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, त्यावर रस्त्याच्या निम्म्या रुंदीला आलेला ऊस. पहाटे बैलगाड्यांची रांग, हाकणारा बहुतेक बीडकडून आलेला ऊसतोड मजूर. भरलेली बैलगाडी साइडपट्टीच्या उतारावर घातली तर उलटते, बैलांच्या मानेला काच बसतो. त्याला हॉर्न देऊन उपयोग काय? त्याच्या मागं थांबणं, हाच एक सभ्य मार्ग. ट्रॅक्टरवाल्यानं मात्र आपलं काम करायला हवं. ट्रॉलीच्या मागं रिफ्लेक्टर पाहिजे, तो चिखलानं माखला असेल तर पुसलेला पाहिजे. आणि गाण्याचा डेक इतका मोठा नको की मागचा हॉर्न कानापर्यंत पोचूच नये. रात्री बिनरिफ्लेक्टरची ट्रॉली रस्त्यात उभी करणं हा निष्काळजीपणा नाही, तो गुन्हाच म्हणायला हवा.

उजव्या लेनचे मास्तर

चौपदरी, सहापदरी रस्त्यावर प्रश्न सोपा व्हायला हवा होता. डावीकडून चाला, उजवी लेन ओलांडण्यापुरती घ्या, ओलांडलं की परत डावीकडं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 2002 मध्ये पूर्ण खुला झाला, तेव्हापासून हे सांगितलं जातंय. तिथं आता लेन मोडणाऱ्यांवर कॅमेऱ्यांची नजर आहे. पण कॅमेरा बेशिस्त पकडतो, समजूत बदलत नाही.

माझ्याकडं शिकायला येणारे काही सज्जन मला विचारतात, “मॅडम, सपाटीला कारची मर्यादा 100 ची, मी 95 नं उजव्या लेनमध्ये चाललोय, मग मागच्यानं दिवे का मारावेत? त्याला नियम मोडू द्यायचा?” मी त्यांना सांगते, साहेब, त्याला थांबवायचं काम पोलिसांचं आणि कॅमेऱ्याचं. तुमचं काम डावी लेन मोकळी असेल तर तिकडं जाण्याचं. तो तुमच्या मागं अडकला की काही सुधारत नाही. तो डावीकडून घुसतो, आणि तिथं साठानं चाललेल्या ट्रकपुढं कट मारतो. तुमच्या शिकवणीची फी दुसराच कुणी भरतो.

आणि अँब्युलन्स असेल तर चर्चाच नाही. तिला वाट न दिल्यास 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद 2019 च्या दुरुस्तीनं कायद्यात आली. तिथं लोक पटकन बाजूला होतात. मला नवल वाटतं ते याचं, की सायरन असला की ज्यांना जमतं, त्यांना सायरन नसताना जमत नाही. मागच्या साध्या गाडीतही कुणाची कळ चालू असेल, हे काचेतून दिसत नाही.

घाईचा हिशोबही एकदा करून बघा. कराड ते सातारा सुमारे 50 किलोमीटर. सलग 60 नं गेलात तर 50 मिनिटं, 70 नं गेलात तर 43. तेही रस्ता पूर्ण मोकळा मिळाला तर. मधे टोलनाका, उड्डाणपुलाचं काम, गावातला बाजार आला की त्या सात मिनिटांतलीही दोन-तीनच उरतात. तेवढ्यासाठी कुणाला रस्त्याच्या खाली ढकलायचं का, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

मी शिकवते ते शेवटी घाटातल्या त्या एका नियमावर येऊन थांबतं. ज्याला कमी जड जातं, त्यानं आधी सोडावं. चढणाऱ्या ट्रकपुढं उतरणाऱ्यानं. उसाच्या बैलगाडीमागं कारनं. दुधवाल्याच्या शेजारी मोठ्या गाडीनं. आणि रुंद जागा मिळाली, की मागं साचलेल्या पाच गाड्यांसाठी हळू जाणाऱ्यानं. यात हळू किंवा वेगानं चालवणारा कुणीच कमी-जास्त ठरत नाही.

परवान्याच्या परीक्षेत हे कधी येईल तेव्हा येईल. परिवहन विभागानं ते आणावं, चाचणीत पाच मिनिटं खऱ्या रस्त्यावर मागं गाडी असताना चालवून घ्यावी, अशी माझी विनंती आहे. तोवर घरात कुणी गाडी शिकत असेल, तर क्लच आणि गिअरच्या आधी त्याला आरसा नीट लावायला शिकवा, आणि त्यात दिसणारी गाडी आपली शत्रू नाही, हे सांगा.